माठासाठी खोटं

अदी,

दामूने तुझी बातमी आणली तेव्हा मी हसले. हे आधीच सांगून टाकते, कारण गावात सध्या तेच बोललं जातंय आणि तुझ्यापर्यंत पोचायचंच तर ते माझ्या तोंडून पोचावं.

शाळेच्या ओट्यावर बसून मी वार्षिक परीक्षेच्या पाट्या तपासत होते. दामू तुमच्या कॅम्पात दूध घालून परतला की सरळ घरी जातो. त्या दिवशी रिकाम्या किटल्या खडखडवत सायकल थेट शाळेत घेऊन आला आणि म्हणाला, "बाय, ती तुमची सिंधीन गेली. पाटंचे गेली." आणि मी, बदलापूर गावच्या शाळेची मास्तरीण, पोरांच्या देखत खुदकन हसले. म्हटलं, "अरे, माठ बिघडला असेल तिचा!"

दामू माझ्याकडे बघतच राहिला. मला हसताना बघून पोरंही हसायला लागली. बिचाऱ्यांना वर्षभरात बाई हसलेली कधी दिसली होती! दामूने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. त्याने टोपी काढली, तेव्हा कुठे माझं हसू थांबलं.

तू असतीस तर तुला हे कळलं असतं. जगात दुसऱ्या कुणाला कळणार नाही. म्हणून हे तुलाच लिहिते आहे.

तू शिकवलेला धडा तुलाच म्हणून दाखवते. नीट आला की नाही बघ. निळीचा माठ जिवंत असतो. तो खातो, ढेकर देतो, थंडीत गारठतो आणि कधीकधी उगीचच रुसतो. तब्येत बरी असली की वर तांब्याच्या रंगाची साय धरतो, आत हिरवटपिवळं पाणी असतं. कापड बुडवून काढावं तर हिरवं निघतं, आणि वारा लागता लागता आपल्या डोळ्यांसमोर निळं होतं. बिघडला की साय जाते, वास फिरतो, पाणी राखेसारखं होतं. मग गूळ घालायचा, चुना घालायचा, गोणपाटं गुंडाळून ऊब द्यायची. आणि यातलं काहीच लागू पडलं नाही, तर तुझ्या सासरच्या रंगाऱ्यांचा शेवटचा उपाय करायचा. चार लोकांत जायचं आणि एक सणसणीत खोटं सोडून यायचं. ते कुणीतरी मनापासून खरं मानलं पाहिजे. मानलं, की माठ उठतो.

"छोटे झूठ से मट को डकार भी नहीं आती, मास्तराणी," असं तू मला बजावायचीस. माझी खोटी कायम छोटीच निघायची. आमच्या विहिरीत कासव निघालं, हेडमास्तरांना बढती मिळाली, असली. तू कपाळाला हात लावायचीस.

तुझ्या पहिल्या खोट्याची गिऱ्हाईक मीच होते. तेव्हा तुमच्या वस्तीला उल्हासनगर नाव नुकतंच मिळालं होतं आणि आमच्या गावात तरी सगळे कल्याण कॅम्पच म्हणत. दुपारच्या सुट्टीत तू शाळेच्या फाटकात उभी राहिलीस. अंगात झगा, खाली घोळदार सुथण, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत निळे. मला वाटलं कसला तरी रोग आहे. तू म्हणालीस, "बेन, मेरा नीर मर गया है." मराठी माणसाला नीर म्हणजे पाणी. तुमच्यात नीर म्हणजे नीळ, हे मला कुठून ठाऊक असणार? मी म्हटलं, बाईच्या कॅम्पातला नळ गेला असेल, इतक्या उन्हाची पाण्याला वणवण करतेय. विहिरीवरून कळशी भरून आणली आणि तुझ्यापुढे ठेवली. "घे, लागेल तेवढं ने."

तू कळशीकडे बघितलंस. माझ्याकडे बघितलंस. दोन ओंजळी पाणी प्यायलीस. आणि मग, इतक्या लांब आलीच आहेस तर रिकाम्या हाताने कशाला जा, अशा हिशेबाने आवाज खाली आणून म्हणालीस, "तुमको खबर नहीं? सरकार का हुकूम आया है. इस गाँव की बदली होने वाली है. तुम लोग उधर सिंध में, हमारे घर में. हम लोग इधर. नाम ही बदलापूर है ना!"

आज कुणी हे सांगितलं तर पोरंसुद्धा टाळ्या देऊन हसतील. पण ते दिवस तसे होते का? गावंच्या गावं इकडची तिकडे झालेली आम्ही ऐकत होतो, आणि अंबरनाथपासून पुढे बराकीच्या बराकी माणसांनी भरलेल्या डोळ्यांनी बघत होतो. मी सरळ हेडमास्तरांकडे गेले. ते पाटलांकडे गेले. दिवेलागणीपर्यंत गावात कुणी कोंबड्या विकायला काढल्या, कुणी भांडी परसात पुरली. हौसाआजीने, डोळे गेलेली ती म्हातारी, ओट्याचा खांब दोन्ही हातांनी धरला आणि ओरडायला लागली, "मी नाय जायची! माझी आंब्याची झारं कोन बगल?"

आठवडाभराने तू परत आलीस ती निळं कापड घेऊन. तसा निळा मी त्याआधी बघितला नव्हता. त्यावर बोटाने टिपल्यासारखे बारीक पांढरे ठिपके, एकही दुसऱ्यासारखा नाही. माझ्या हातात देऊन म्हणालीस, "ये तेरा झूठ है. बहोत अच्छा निकला."

मग सगळी रीत तू मला समजावून सांगितलीस, आणि मी तुला शाळेच्या आवारातून हाकललं. रोज सकाळी फळ्यावर खरं बोलण्याचा सुविचार लिहिणारी मी. हेडमास्तरांसमोर, पाटलांसमोर माझी शोभा झालेली. तू फाटकाबाहेरच्या दगडावर जाऊन बसलीस आणि ओढणी तोंडात कोंबून हसत राहिलीस. शाळा सुटली तरी बसलेलीच. इतकी वर्षं माझ्यावर रागावायची माणसं होती, माझी कीव करायची माणसं होती. माझी अशी थट्टा करायला कुणी बसून राहिलं नव्हतं. मी तुला घरी नेलं, चहा दिला. तू चहात इतकी साखर घेतलीस की आईने डबा उचलून आत नेला.

त्या खोट्याचं पुढे काय झालं ते मात्र हसण्यासारखं नाही. ते बदलापुरात राहिलं नाही. दूधवाल्यांनी, भाजीवाल्यांनी ते उलट कॅम्पात नेलं, आणि वाटेत ते फिरलं. कॅम्पात पोचलं ते असं, की सरकार आपल्याला आपापल्या गावी परत नेणार आहे. तुमच्या बराकीतले म्हातारे चाचा टेकचंद, ज्यांनी इथे आल्यापासून वळकटी सोडलीच नव्हती, त्यांनी ती काखेला मारली आणि स्टेशनात जाऊन बसले. येईल त्या गाडीकडे बघून विचारत, कराचीची आहे का. मुलगा न्यायला गेला, सून गेली, ते उठेनात. शेवटी तू गेलीस. ते खोटं माझं आहे, चाचा, मी माठासाठी बोलले, असं तू त्यांच्या पायाशी बसून सांगितलंस. ते उठून तुझ्यामागोमाग घरी आले. तुझ्याशी मात्र पुन्हा कधी बोलले नाहीत. एका बराकीत, गोणपाटाच्या एका पडद्याच्या अंतरावर राहून, मरेपर्यंत बोलले नाहीत.

तेव्हा तू कानाला हात लावलास. दुसऱ्याच्या नावाने खोटं बोलायचं नाही. जे बोलायचं ते स्वतःवरच.

आणि काय काय बोललीस गं स्वतःवर! सुंदरीला, म्हणजे तुलाच, शेव तळायच्या झाऱ्यात सोन्याची मोहर सापडली. सुंदरीचा मामेभाऊ मुंबईत सिनेमा काढतोय. सुंदरीशी पोस्टमास्तर लग्न करायचं म्हणतोय. पोस्टमास्तरांची बायको तुमच्या कॅम्प पाचमध्ये लाटणं घेऊन आली होती त्या आठवड्यात माठ असा उठला, की तू मला निरोप धाडलास, लगेच ये आणि साय बघून जा. मी आले. तू माठावर ओणवी होऊन फेसाशी काहीतरी पुटपुटत होतीस. माझ्याकडे न बघता म्हणालीस, "इसको पोस्टमास्तर बहोत पसंद आया."

तुला नावाने मी कधी हाक मारली नाही. तुमच्यात थोरल्या बहिणीला अदी म्हणतात हे कळलं तेव्हापासून तू अदीच. तुला ळ म्हणता येत नसे. निला, माला, काला. दामूलाही येत नाही, त्यांच्या बोलीत तो नाहीच. मी दोघांना दुरुस्त करायचे आणि तुम्ही दोघं एकमेकांकडे बघून माझी नक्कल करायचात. मी तुला सांगितलं, उल्हास म्हणजे आनंद. तू हातातलं काम थांबवून बराकींकडे, नळावरच्या रांगेकडे, वाहत्या गटाराकडे नजर फिरवलीस आणि म्हणालीस, "ये नाम जिसने रखा वो रहता किधर है?"

आपलं भांडण तर संपलंच नाही. मी म्हणायचे, बाजारात पुडीतला रंग मिळतो. गरम पाण्यात टाकला की झालं, त्याला ना गूळ लागतो ना थापा. त्यात पुढे तुझं धुवायचं पाणीही गेलं. आधी तू अंबरनाथकडे, मोरिवलीच्या अंगाने ओढ्यावर कापड धुवायचीस. मग तिथे कारखाने वाढले आणि ओढ्याचं पाणी दर आठवड्याला नव्या रंगाचं यायला लागलं. तुझा मंजिष्ठेचा लाल त्या पाण्यात विटकरी व्हायचा. मग ओली गाठोडी डोक्यावर घेऊन तू उल्हास नदीवर आमच्या घाटाला यायला लागलीस. दम लागायचा, खोकायचीस. मी म्हणायचे, हे कशासाठी? कोण विचारतंय आता झाडाच्या रंगाला? बायका पुडीच्या रंगाचंच घेतात, चकचकीत असतं, स्वस्त असतं. तू चिडायचीस. कधी म्हणायचीस, ते लगेच उडतं. मी म्हणायचे, उडू दे, नवं घेतात. यावर तू कापड दगडावर जास्त जोराने आपटायचीस. मला जिंकल्यासारखं वाटायचं. आज त्या जिंकण्याचं काय करू?

एकदा मात्र मी मर्यादा ओलांडली. थंडीचे दिवस होते, माठ बरेच दिवस बसला होता आणि पोस्टमास्तरांची बदली झालेली. मी थट्टेत म्हटलं, "एवढं काय डोकं खाजवतेस? सांग की, नवरा येतोय म्हणून. तार आली म्हणून सांग. अख्खा कॅम्प खरं मानेल."

तुझा नवरा माठांची सोय लावायला म्हणून मागे राहिला होता. पिढ्यांचे माठ, असे टाकून कसे यायचे, कुणाच्या तरी स्वाधीन करतो आणि महिन्याभरात मागून येतो, असं सांगून. तो आला नाही. पत्र नाही, निरोप नाही, मेल्याची बातमी नाही. तू हातातल्या बांगड्या तशाच ठेवल्या होत्यास, आणि कुणी त्याचा विषय काढला की उठून चुलीशी जायचीस. हे सगळं ठाऊक असून मी बोलले.

तू रागावली नाहीस. लाकडी ढवळणं माठातून काढून कडेला नीट टेकवून ठेवलंस आणि म्हणालीस, "वो झूठ मट के वास्ते नहीं है." मी विचारलं, का? एवढं मोठं खोटं, याने तर माठ उकळेल. तू म्हणालीस, "छोड." मला वाटलं, तू अपशकुनाला भितेस. मी तसंच धरून चालले आणि पुन्हा विचारलं नाही.

आणि माझं पातळ. त्यावरूनही आपलं काही कमी वाजलं नाही. मी विधवा झाले तेव्हापासून पांढरंच नेसते. आमच्या घरी कुणी बळजबरी केली नाही, मीच ठेवलं. तुला ते बघवायचं नाही. दया यायची म्हणून नव्हे. रंगाऱ्याच्या नजरेला ते काम अर्धवट टाकल्यासारखं दिसायचं. पदर हातात धरून म्हणायचीस, "कितना सफेद खाली छोड दिया!" मला एकदा तरी दे, एकच बुचकळी, आठवड्यात आणून देते. मी म्हणायचे, गाव काय म्हणेल? तू म्हणायचीस, बोलने दो, मट को अच्छा है. दर रविवारी हा संवाद व्हायचा. मी एकदाही हो म्हटलं नाही. तुझ्या ठिपक्यांचं निळं कापड पेटीत तळाशी ठेवलं, वर्षातून एकदा ऊन दाखवलं, पुन्हा ठेवलं. मला तुझा राग यायचा, की तुला कळत कसं नाही. आता वाटतं, तुझ्याइतकं हट्टाने मला कुणी काही मागितलंच नव्हतं.

या हिवाळ्यापासून तुझा ताप हटेना. त्या शेवटच्या रविवारी आले तेव्हा तू अंथरुणावर होतीस. खोकला असा, की पडद्यापलीकडची लाजवंती पाणी घेऊन यायची. मी मागच्या पत्र्याखाली जाऊन माठ बघितला. साय नव्हती. पाणी राखेसारखं. आत येऊन म्हटलं, माठसुद्धा बिघडलाय. तू म्हणालीस, "उसको भी बुखार है." मी तुला हसवायला म्हटलं, "मग बोल एखादं खोटं. पडल्या पडल्या विचार कर." तू वर कौलांकडे बघत म्हणालीस, "सोच रही हूँ."

चारच दिवसांनी दामू सांगत आला, "बाय, सिंधीन बरी झाली! कॅम्पात हिंडत व्हती. बोलली का रविवारचे येव नको, तुझी परीक्षा हाय. मीच येतंय नदीवर."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पोरांना शेंगदाणे-गूळ वाटला. आईने देवापुढे दिवा लावला. साखरेचा डबा उचलणारी माझी आई. रविवारी मी घरी बसून पाट्या तपासल्या. माठ बिघडलाय हे मला माहीत होतं. तू आता फक्त स्वतःवर खोटं बोलतेस हेही माहीत होतं. दोन आणि दोन किती, हे मी रोज चाळीस पोरांकडून म्हणून घेते. पण हे दोन आणि दोन मला जमले नाहीत. आणि सोमवारी तू गेल्याची बातमी आली, तेव्हा ते मात्र मला लगेच जमले. म्हटलं, माठ बिघडला असेल.

खोटं होतं ते खरं धरलं आणि खरं आलं तेव्हा हसले. तू मला फसवलंस, अदी. पहिल्या भेटीत फसवलंस आणि शेवटच्या निरोपातही.

दामूच्या टोपीकडे बघूनही पूर्ण विश्वास बसला नाही. मी पिशवीत गुळाची ढेप टाकली. तू जिवंत असलीस तर माठाला लागेल, असा विचार. कॅम्पात पोचले तेव्हा बराकीपुढे पाणी शिंपडलेलं होतं आणि तुला घेऊन गेले होते. लाजवंती म्हणाली, "बुखार में उठी. मैं बोली, मरेगी तू. नहीं मानी. बाल बनाए, सुर्मा लगाया, दीवार पकड के एक एक बराक में गई. सबको बोली, मैं ठीक हो गई, देखो. हम सब को सच लगा. चेहरा भी ऐसा चमक रहा था." तिने डोळे पुसले. "वापस आई तो मट के पास बैठी रही, चार दिन वहीं. अंदर आई ही नहीं."

मी मागे गेले. माठ उठला होता. तांब्याची साय अशी धरली होती की त्यात पत्र्याची भोकं दिसत होती. मी तिथेच बसले आणि ओरडून रडले. दुःखाने रडले, पण खरं सांगू? रागानेही रडले. एका मडक्यासाठी. तुझ्या अंगात जेवढा श्वास उरला होता तेवढा तू दारोदार वाटून आलीस, तो एका मडक्यासाठी. आणि ते मडकं तिथे चकाकत होतं. मी त्याला गूळ घातला. काय करणार होते दुसरं?

ती खोली दुसऱ्या कुणाला मिळणार होती, आणि त्यांना मागच्या जागेत चूल हवी होती. म्हणून दामूने बैलगाडी आणली. माठ अर्धा उपसून नीर किटल्यांत भरलं, माठाला पेंढ्यात बसवलं आणि बदलापूरला आणलं. वाटभर मी हाताने त्याला धरून बसले होते. तुझ्या नवऱ्याला जे जमलं नाही ते मी करून दाखवणार, अशी एक घमेंड होती मनात. परसात खड्डा करून माठ पुरला, किटल्या रिकाम्या केल्या. तू सांगितलं होतंस तसा चुना, तसा गूळ. खजूरही घातला, ज्यावरून तू नेहमी म्हणायचीस की गुळाने पोट भरतं पण मन भरत नाही. गोणपाट घातलं. उन्हाळा आहे, ऊब तर बक्कळ. काही उपयोग झाला नाही. साय गेली, मग हिरवटपणा गेला. वासावरून शेजाऱ्यांनी विचारायला सुरुवात केली की मांजर मेलंय का.

तेव्हा एकच उपाय उरला.

गावात सगळ्यांना तुझं ठाऊक होतं. हौसाआजी सोडून. तिला दिसत नाही, ऐकू कमी येतं, आणि तुझ्यावर तिचा जीव. तू नदीवर आलीस की तिच्या ओट्यावर बसून तिचे पाय चेपायचीस, म्हणून कुणी तिला सांगितलं नव्हतं. काल संध्याकाळी मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "आजी, अदी आली होती नदीवर. बरी आहे आता."

आजीचा चेहरा असा खुलला! "मना म्हाईत व्हता," म्हणाली. "ती मराची नाय. गो, तिला सांग, माझे गोधरीला निला कापर दे. मना दिसत नाय तरी निलाच दे. कदी येनार?"

"रविवारी," मी म्हटलं.

माझं खोटं पहिल्यांदाच छोटं नव्हतं. तू असतीस तर शाबासकी दिली असतीस. आजीने ते मनापासून मानलं होतं, त्यात शंका नाही. मी पळतच परसात आले, गोणपाट काढलं. साय धरायची वाट बघितली. मग पदर काढून माठात घातला, मनगट बुडेपर्यंत. तू मोजायला शिकवलं होतंस तसं सावकाश मोजलं. वर काढून वाऱ्यावर धरला. हात दुखेपर्यंत धरला. अंधार पडायच्या आत घाटावर जाऊन धुतला. पाण्यातून जसाच्या तसा निघाला, पांढरा.

मी घाटाच्या पायरीवर बसून राहिले. इतकी वर्षं मला वाटत होतं की नवऱ्याचं ते खोटं तू अपशकुनाच्या भीतीने बोलत नाहीस. तसं नव्हतं. तो येतोय म्हणून तू सांगितलं असतंस, कॅम्पाने मानलं असतं, आणि तरी माठ उठला नसता, तर तो येईल ही आशा तरी तुझ्याकडे राहिली असती का? म्हणून तू ते जपून ठेवलंस. मला सांगायचं तरी होतंस. मी माझं, तू जिवंत असल्याचं, काल खर्चून बसले.

आज सकाळी शाळेला निघाले तर हौसाआजी आंघोळ करून, धुवट लुगडं नेसून ओट्यावर बसलेली. माझ्या पावलांचा अंदाज घेऊन म्हणाली, "आली का गो तुजी सिंधीन?"

"रविवारी, आजी," मी म्हटलं. "रविवारी येतेय."